चाळीस सेकंदांचा अंधार

आरोही : मामा, बॅटरी द्या की. कितव्यांदा मागतेय मी?

बंकट : घरी ऱ्हायली म्हनलं ना.

इलियास : घरी ऱ्हायली? मंग सदऱ्याच्या खिशात काय शेरभर ज्वारी घेऊन फिरतो का बंकट? एका बाजूनं वाकलाय बघ पार.

बंकट : मास्तर, तुमचं ध्यान तुमच्या क्लॅरनेटवर ऱ्हाऊ द्या.

इलियास : क्लॅरनेट तोंडाला लागतं बे, डोळे मोकळेच ऱ्हातात. चाळीस वर्षं वराती वाजिवल्या. कुणी आहेर आणला, कुणी नुसतं पाकीट आणलं, कोण एकदा जेवला आन् कोण टोपी बदलून दोनदा जेवला, सगळं हितं नोंदलेलं हाय.

आरोही : चाचा, थांबा हो जरा. मामा, ऐका. भिवराबाई शिरूरहून चारच्या गाडीनं येतायत. सहाला कार्यक्रम. शेवटाकडं चाळीस सेकंद पूर्ण अंधार करायचाय, आणि मग स्टेजवर एकट्या भिवराबाई ही बॅटरी लावणार. तुमच्याबरोबर विहिरीत गाडल्या गेलेल्या अजिनाथची आई, आणि विहिरीतली तीच बॅटरी. त्या एका उजेडावर बत्तीस वादक एकदम सुरू होतात. ती नसेल तर माझ्या ‘तळाचा उजेड’ या रचनेचा तळच गेला.

बंकट : दुसरी घे. भाजी मंडईपशी पन्नास दुकानं हायत. लई झ्याक मिळत्यात आता, लांबवर फेकनाऱ्या.

आरोही : दुसरी कशी चालेल? भिवराबाईंनी फोनवर स्वतःहून विचारलं, "बंकट ज्या उजेडानं वर आला तीच हाय ना गं?" मी हो म्हणाले.

बंकट : मला इचारायचं तरी.

आरोही : विचारलं होतं. तुम्ही मान हलवलीत.

बंकट : हलली असंल. मानच हाय ती.

इलियास : बाई, त्याला सोड. तुज्या पुण्याच्या वादकांकडं बघ आधी. अठरा व्हायोलिनवाले, आत्ता ताटात ठेचा वाढला, तर त्यातले नऊ रडले. दोघांनी दह्याची आख्खी वाटी तोंडाला लावली. ह्यांच्या भरवशावर तू विहीर खचल्याचा आवाज काढणार?

आरोही : काढतात की. गजाच्या लाकडी बाजूनं तार घासतात तेव्हा तुमच्याच अंगावर काटा आला होता सकाळी. खाली चेलो घुमतोय, वर माती सुटतेय, आणि मधे तुमचं एकट्याचं क्लॅरनेट हाका मारतंय. तुमच्याशिवाय ते कुणाला जमलं नाही, पुण्यातल्या पुण्यात तिघांना वाजवायला लावून बघितलं.

इलियास : त्यांनी वराती कुठं वाजिवल्यात? फुप्फुस वरातीत तयार होतं.

आरोही : बरं, ते जेवतायत तोवर अंधार तपासून घेऊ. पाच मिनिटांचं काम.

बंकट : तपासायचा म्हंजे?

आरोही : सगळे दिवे घालवायचे आणि कुठून उजेड गळतोय ते बघायचं. दारावरच्या हिरव्या पाटीला काळा कागद लावलाय, खिडक्यांना दोन-दोन पडदे. मोबाइलसुद्धा सगळे टोपलीत गोळा करून बाहेर ठेवलेत. मघाशी चाचांचा वाजला आणि अख्खं नाट्यगृह उजळलं.

इलियास : घरवाली व्हती, अजमतबी. गोळी खाल्ली का म्हणून. तिला माझ्या गोळ्यांची याद बरोबर सुराच्या टायमालाच येते.

बंकट : म्या बाहेर बसतो. च्या घेतो.

आरोही : मामा, संध्याकाळी पहिल्या रांगेत बसायचंय तुम्हाला. आत्ताच बसून बघा ना. चाळीसच सेकंद.

बंकट : मला चालंना गं अंधार. घरातला बल्ब तीन वर्षं इजला न्हाई, ठाव हाय तुला.

आरोही : माहितीये. म्हणून तर लिहिलं. वीस मिनिटांची रचना, त्यात अंधार फक्त चाळीस सेकंद. बाकी सगळं वर येणं आहे. पेपरचं कात्रण मी दोन वर्षं वहीत ठेवलं होतं मामा. ‘खचलेल्या विहिरीत एकोणीस तास, आणि ढिगाऱ्याच्या फटीतून चमकलेला उजेड’. मला तिथून पहिला सूर मिळाला.

इलियास : आन् काठावर अर्धी रात क्लॅरनेट कोण वाजवत बसलं व्हतं, ते पेपरात न्हाई आलं. शेजारच्या वस्तीवर लग्नाची सुपारी व्हती, नेकनूरहून आख्खा बँड घेऊन गेलतो. ती सोडली, आन् पोकलेन येईस्तोवर विहिरीवर वाजवत बसलो, का तर खालच्या दोघांना कळावं वर माणसं हायत. फोटो छापला सरपंचाचा. सरपंच साडेनऊला आलता, तू वर आल्याच्या बी अर्ध्या तासानं. फेटा बांधून.

बंकट : ऐकू येत व्हतं, मास्तर.

इलियास : आं? तीन वर्षांत आज बोलला!

बंकट : येत व्हतं.

इलियास : बघ बाई. चांगलं वाजलं का वंगाळ, ते कव्हा सांगंल? आणखी तीन वर्षांनी.

आरोही : बसा मामा. हां, तिथंच, मधे. मी वादकांना इशारे द्यायच्या माझ्या लाकडी खोक्यावर चढते. उभी राहते तिथून बघायला हवं.

इलियास : जपून. तुज्या खोक्याखाली खड्डा हाय. पूर्वी तबलेवाले बसायचे त्यात, सात-आठ फूट असंल. वरून फळ्या टाकल्यात, पण ठोकल्या न्हाईत. सुतार चारला येतो म्हणला.

आरोही : हलणार नाही मी. अरमानला सांगा.

इलियास : अरमान! ए जावई! मागं ऐकू जातंय का? मेन खाली ओढ! सगळं!

(नाट्यगृहातले सगळे दिवे जातात. इथून पुढं फक्त आवाज.)

आरोही : एक. दोन. तीन. मामा, ठीक आहे ना?

बंकट : मोज तू.

आरोही : सात. आठ. छान. काहीच दिसत नाही. माझा हातसुद्धा नाही. चाचा, तुमच्या बाजूला?

इलियास : माज्या बाजूला मीच हाय का न्हाई, कळंना.

आरोही : एकोणीस. वीस. भिवराबाई इथं उजवीकडून चालत येतील...

बंकट : बोलू नको मधी. मोज. लवकर मोज.

आरोही : लवकर कसं मोजणार मामा, सेकंद आहेत ते. एकतीस. बत्तीस... एकोणचाळीस, चाळीस. झालं. चाचा, लावायला सांगा.

इलियास : अरमान! वर ढकल! ...अरमान! ...काय? ...कव्हा? ...या अल्ला.

आरोही : काय झालं?

इलियास : भिंतीपलीकडून वरडतोय, ढकललंय म्हणतो. लाइटच गेली. आख्ख्या रस्त्याची गेली. जनरेटरवाला जेवायला गेलाय, अरमान गाडी काढून त्याला आणायला निघाला.

आरोही : आत्ता? अहो, किती वेळ लागेल?

इलियास : तो कुठं जेवतोय त्याच्यावर हाय. थांब, म्या भिंतीला धरून दारापशी जातो. दार उघडलं की उजेड आलाच. वाजवत जातो, म्हंजे कुठं पोचलो ते तुमाला कळंल.

बंकट : नका वाजवू!

इलियास : आं?

बंकट : पाया पडतो मास्तर. अंधारात तेवढं वाजवू नका.

इलियास : बरं बाबा, न्हाई वाजवत. खुर्च्या मोजत जातो. एक... दोन... तीन... हाय रे, गुडघा.

आरोही : मामा, केवढ्यानं श्वास घेताय तुम्ही. इथवर ऐकू येतोय.

बंकट : कोन हाय?

आरोही : मी. आरोही.

बंकट : व्हय. आरोही. ताईची आरोही. बोलत ऱ्हा.

आरोही : मामा, खरं सांगा, बॅटरी आहे ना खिशात? लावा ना जरा. मला खाली उतरायचंय, पाय कुठं ठेवू कळत नाही.

बंकट : संपली.

आरोही : काय संपली?

बंकट : चार्जिंग. संपली.

आरोही : असं कसं? काल आमच्याकडं रात्रभर फ्रिजशेजारी लावली होती तुम्ही. सकाळी हिरवा दिवा लागलेला मी पाहिला.

बंकट : संपली म्हनतो ना! गप बस. बोलून उगं हवा खर्चू नको.

आरोही : हवा? ...मामा, आपण नाट्यगृहात आहोत. बीडमध्ये. मोठं आहे, भरपूर हवा आहे.

बंकट : ...ठाव हाय.

आरोही : मग लावा ना. मामा? मला भीती वाटायला लागलीय तुमची. लावा ना हो.

बंकट : असंच म्हनायचा. बराबर असंच.

आरोही : कोण?

बंकट : लाव लाव म्हनून तुज्या तीन येळा झाल्या. त्याच्या अकरा झाल्त्या.

आरोही : अजिनाथच्या?

बंकट : कमरेपोतर गाडला गेलता तो. म्या मोकळा. मधी हातभर जागा. बॅटरी माज्या कमरेला. सुरवातीला लावली, त्याचं त्वांड बघितलं, त्याच्यावरचा ढिगारा बघितला. आन् इजवली.

आरोही : का?

बंकट : कावून म्हंजे? राखायची न्हाई व्हय? तुमच्याकडं बटन दाबलं की लागतंय. आमच्याकडं त्या आठवड्यात लाइट राती दोनला यायची. म्या झोपलो व्हतो, चार्जिंगला लावायची ऱ्हायली. पाव भरली असंल, न्हाईतर त्याच्या बी खाली, असा माजा हिशेब. वरून भोक पडंल तव्हा खालून उजेड दावायला पायजे, न्हाईतर पोकलेनचा पंजा सरळ डोक्यात. म्हनून राखली.

आरोही : मग बरोबरच केलं तुम्ही.

बंकट : थांब. तो म्हनला, बंकट, बत्ती लाव रं, भ्या वाटतंय. म्या म्हनलं, संपली. राखतोय म्हनलं अस्तं तर त्यानं हट धरला अस्ता, लाव न्हाईतर दे म्हनून. म्हनून संपली म्हनलं. घडीभरानं पुना म्हनला, झटकून बघ की, कव्हा कव्हा लागती. म्या नुसता कमरेवर हात आपटला. त्याला वाटावं झटकली.

आरोही : मामा...

बंकट : पाचव्यांदा म्हनला, उजेड नको, नुसतं तुजं त्वांड बघू दे एकदा. हितं तू हायस का मला भास व्हतोय, कळंना. वरनं मास्तरचं क्लॅरनेट यायचं. त्याला वाटलं कुठं लगीन लागलंय. म्हनला, आपल्याला जेवायला ठेवत्याल का रं कुनी? म्या हसलो. तो बी हसला. आन् लगेच म्हनला, लाव की आता. ती आठवी.

आरोही : तुम्ही मोजत होता?

बंकट : दुसरं काय व्हतं मोजायला? अकराव्यांदा बत्ती लाव म्हनला न्हाई. नुसतं नाव घेतलं माजं. मंग काई न्हाई. पहाटं वरून भोक पडलं. म्या बॅटरी लावली, वर धरली. तुज्या पेपरातला उजेड तो. वरची मानसं वरडायली, जिता हाय, जिता हाय! आन् म्या बाजूला बघितलं. अजिनाथ माज्याकडंच बघत व्हता. डोळे सताड उघडे. कव्हापासून बघत व्हता काय ठाव. अंधारात. माज्याकडं.

आरोही : मामा, त्यात तुमचा काही...

बंकट : अजून ऱ्हायलंय. दवाखान्यात ती बॅटरी कुनीतरी उशाला ठेवली, चालूच. त्या दिशी रात निघाली. दुसरा दिस निघाला. तिसऱ्या दिशी सांजच्याला जराशी पिवळी पडली. बायकूला, केशरबाईला म्हनलं, ही इजंना कावून? तर म्हनली, भरल्याली व्हती की. राती लाइट आल्ती तव्हा उठून म्याच लावली, तुमची झोप मोडू ने म्हनून बोलले न्हाई.

आरोही : म्हणजे...

बंकट : म्हंजे आख्खे एकोनीस घंटे लावून ठिवली अस्ती, तरी दुप्पट उरली अस्ती. हिशेब चुकला माजा. आन् तू ती बॅटरी भिवराबाईच्या हातात देनार. बत्तीस बाजे वाजवून.

आरोही : मामा.

बंकट : काय.

आरोही : फळी हलतेय.

बंकट : कंची?

आरोही : माझ्या पायाखालची. खोकं कललंय पुढं. मी काही मागत नाहीये. नुसतं सांगतेय.

बंकट : हलू नको! आरोही, हलू नको, आलो. कुठं घातली मेली... हे बघ. हे बघ, लागली! दिसतंय का? दिसतंय का तुला?

आरोही : दिसतंय. दिसतंय मामा.

बंकट : पुढं बघू नको खड्ड्यात. माज्या हाताकडं बघ. उजवा पाय मागं. आनखी. आता दुसरा. धर हात. आली? आली का?

आरोही : आले. तुमचा हात केवढा गार पडलाय.

बंकट : माज्याकडं नको बघू अशी.

आरोही : कशी?

बंकट : डोळे ताठ धरून. मिट. एकदा मिट त्ये.

आरोही : मिटले.

बंकट : आता उघड. ...बरं. जिती हायस.

इलियास : दार उघडू का आता?

आरोही : चाचा? कुठं आहात तुम्ही?

इलियास : दारापशी. कडी कवाची हातात हाय. सव्वीस खुर्च्या आन् एक गुडघा, तेवढंच अंतर व्हतं.

बंकट : ऐकलं म्हना की सगळं.

इलियास : कान हायत बे. कडी काढणार तेवढ्यात तू बोलायला लागला, मंग हातच उचलंना. उजेड आला अस्ता तर तू गप झाला अस्ता. ...हे घ्या. उघडलं.

आरोही : बाहेर केवढं ऊन आहे.

इलियास : अजिनाथनं बरोबर वळखलं बंकट. लग्नाचंच वाजवत व्हतो म्या त्या राती. वरातीचं. दुसरं येतंय काय मला? मौतीचं वाजवायचं मनात आलतं, पण म्हणलं खालचे दोघं भितील.

बंकट : न्हाई भ्यालो. त्या बाजानं न्हाई.

इलियास : बाई, तुज्या कागदावर अंधाराच्या आधी माज्या हाका सात हायत. चार कमी पडतात.

आरोही : माझ्याही तेच मनात...

बंकट : न्हाई! कुनी हात लावायचा न्हाई त्याला. तुजी गोष्ट न्हाई ती, आन् माजी बी न्हाई. त्या हाका वाजवायच्या का न्हाई, ते त्याची आई सांगंल. तिला कळू दे आधी.

आरोही : तुम्ही भिवराबाईंना सांगणार? आज?

बंकट : चारच्या गाडीला.

आरोही : मामा, असं करू नका. म्हणजे सांगा, जरूर सांगा, पण कार्यक्रम झाल्यावर. उद्या. आज त्या निघून गेल्या तर? लोक येणार आहेत, पुण्याहून वादक आलेत, दोन वर्षं गेली माझी यात. एका रात्रीचा तर प्रश्न आहे. उद्यापर्यंत तेवढं...

बंकट : राखून ठेवू?

आरोही : नाही. नका ठेवू.

इलियास : तिला नको बोलूस. म्या बी तेच म्हणणार व्हतो, ती आधी म्हणली एवढंच.

बंकट : तिनं थोबाडीत दिली तर घेईन. बॅटरी फेकली तर फेकू दे. आन् न्हाई लावली स्टेजवर, तर तुजा अंधार चाळीसाच्या पुढं जाईल. तेवढी तयारी ठेव.

आरोही : पुढं म्हणजे किती? मी किती मोजू मामा?

बंकट : मला नको इचारू. माजं मोजनं चुकतंय.

इलियास : साडेतीन वाजून गेले. चल, ष्टँडवर येतो म्या. क्लॅरनेट हितंच ठेवतो. बोलायचं तू, म्या नुसता बाजूला उभा ऱ्हाणार. तेवढं जमतं मला.

बंकट : मास्तर, एकट्यानं जायला व्हायचं न्हाई.

इलियास : दिसतंय. माजा गुडघा बी सुजलाय. दोघं मिळून एक माणूस होतो, चल.

आरोही : मीही येते. सुताराला सांगते आणि येते. ...मामा, अहो, बॅटरी चालूच राहिलीय तुमची. उन्हात कळलंच नाही. द्या, बंद करते. त्यांनी हो म्हटलं तर संध्याकाळी लागेल, तोवर संपायची.

बंकट : ऱ्हाऊ दे चालू. न्हाई संपत. म्या मोजल्यालं हाय.